घर शाकारताना

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकलं आणि दापोली-मंडणगडकडच्या घरांची छपरं बघता बघता उचकटली. केळशीजवळच्या आमच्या गावी ह्यांच्या पणजोबांच्या घराचं समुद्राकडचं पाखं निम्मं उघडं पडलं. टाळेबंदीमुळे पुण्याहून निघायला परवानगी लागत होती. आम्ही पोचेपर्यंत माजघराची जमीन पावसाने भिजून उखडली होती.

घर वादळाने पडलं, असं गावात सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. घर बंद पडल्यापासून वर्षानुवर्षं त्या छपरावर कुणी चढलेलंच नव्हतं. त्याच आळीत, त्याच वाऱ्यात, जिथे माणसं राहत होती त्या काही घरांची कौलं आठवड्याभरात पुन्हा बसली. आमच्या घराची खरी पडझड शाकारणी थांबली त्या वर्षी सुरू झाली. म्हणून घर दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा मी आधी शाकारणीचा इतिहास शोधायला बसले. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, तरी ज्या घरात सून म्हणून आले त्याच्या छपराचा इतिहास मला ठाऊक नव्हता.

शाकारणी वैशाखातली. सासूबाई सांगायच्या की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मुख्य घरावर मंगळुरी कौलं होती, गोठ्यावर आणि मागच्या पडवीवर नळे होते, आणि खोपटीवर पेंढा. पेंढा दरवर्षी नवा लागे. नळे भाजलेले, पण त्यांचंही काम दरवर्षीच असे. कुंभार चाकावर निमुळतं नळकांडं ओढायचा, ओलं असतानाच त्याला दोन बाजूंनी चीर द्यायचा, आणि भाजल्यावर त्याचे दोन नळे व्हायचे. एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी. त्यांना धरून ठेवायला खिळा नाही की खाच नाही, नुसत्या वजनावर बसलेले. वानरांची टोळी एकदा धावत गेली की ओळी सरकायच्या, शेवाळ आणि पालापाचोळा अडकून पाणी उलटं आत यायचं. म्हणून वैशाखात सगळे नळे उतरवायचे, झाडायचे, फुटके बाजूला काढायचे, रिपा तपासायच्या आणि परत रचायचे. गावात एकामागून एक घर शाकारलं जाई. घरच्या बाईने चढलेल्या सगळ्यांसाठी पेज आणि जेवण रांधायचं.

या आठवणी सगळे गोड करून सांगतात. मला त्या तशा सांगाव्याशा वाटत नाहीत. ह्यांचे पणजोबा दोन आण्यांच्या हिश्शाचे खोत होते. खोताच्या शेतात आणि घरी कुळांना वेठीचे दिवस भरावे लागत. आमच्या छपरावर चढणारी माणसं शेजारधर्माने चढत होती, हे पूर्ण सत्य नव्हे. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा नेला, आणि कायदा झाला तो 1949 मध्ये. वेठ गेली ते फार चांगलं झालं. पण त्यानंतर घर शाकारायचं कुणी, हा प्रश्न आमच्यासारख्या घरांनी कधी नीट सोडवलाच नाही. मजुरी द्यायची, स्वतः वर चढायचं, दोन्हींत टाळाटाळ झाली.

नळ्यांची जागा मंगळुरी कौलांनी घेतली ती कथा मोठी आहे. बासेल मिशनचे धर्मोपदेशक 1834 मध्ये मंगळुरात आले. धर्मांतर केलेल्यांचा जातीचा धंदा सुटायचा, घरदार तुटायचं. त्यांना पोट भरायला काम हवं म्हणून मिशनने छापखाना आणि विणकामाचे माग सुरू केले, आणि 1865 मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्याने जेप्पू इथे कौलांचा कारखाना उभारला. माती नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची कल्पना फ्रान्समधल्या आल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंची, 1841 च्या पेटंटची. कौलाच्या कडेला खाच, पाठीला रिपेवर अडकणारा कान. वानर धावलं तरी ते सहसा जागचं हलत नाही. एका चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलं पुरतात आणि छपराला नळ्यांपेक्षा जास्त उतार देता येतो. पाहता पाहता मंगळुरात इतर कारखाने निघाले आणि कौलं गलबतांतून रत्नागिरीच्या बंदरांना आणि मुंबईला जाऊ लागली. आमच्याकडची हर्णै बंदरात उतरून बैलगाडीने आली, असं घरात सांगत आले आहेत.

समुद्राकडच्या पाख्याची कौलं उतरवताना पाठीवर ठसा दिसला, मिशनचं नाव आणि 1865. ह्यांना फार आनंद झाला, घर दीडशे वर्षांचं निघालं म्हणून. पण ते साल कारखान्याच्या स्थापनेचं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनचे उद्योग ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. तेव्हा मिशनच्या नावाचं कौल बहुधा त्या युद्धाच्या आधीचं, एवढंच म्हणता येतं. घराचं वय त्याहून जास्त आहे, आणि ते कौल सांगत नाही, भिंत सांगते. आढ्याखालच्या तिकोनी भिंतीत खालचे चिरे मातीत बसवलेले आहेत आणि वरचे थर चुन्यात. उतार वाढवायला आढं उचललं, तेव्हा भिंतही चढवली. वाशांवर जुन्या बांधाच्या खोबणी तशाच आहेत. म्हणजे हे घर आधी नळ्यांचं होतं, आणि मुंबईचा पैसा घरात येऊ लागल्यावर कौलारू झालं. आमच्या सुताराने खोबणीत बोट घालून मला ते दाखवलं, "वहिनी, इथे सुंभ आवळलेला."

मला जुन्या घरांची भीती वाटते, हे इथे सांगायला हवं. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आमच्याकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवदाची माती, आणि त्यांच्याखाली हजारो माणसं गेली. त्यामुळे ह्यांनी हे घर ठेवायचं म्हटलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. मग चौकशी केली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ह्याच घरात माणसं झोपलेली होती. ओटीच्या भिंतीला भेग गेली, छपराचं एक लाकूड निखळलं नाही. कारण आमच्या माजघराचं छप्पर भिंतीवर नाही, ऐनाच्या खांबांवर आणि तुळयांवर आहे, आणि लाकडं खिळ्यांनी नव्हे, कुसू-खाचेने जोडलेली आहेत. लाकूड हलतं, सांधा दाबला जातो, पण सुटत नाही. हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी हो म्हणाले.

भिंतींना मात्र अलीकडच्या काळाने छळलं होतं. हिंदुस्थानात सिमेंटचा कारखाना पोरबंदरला 1914 मध्ये चालू झाला. कोकणच्या खेड्यात ते पोचायला बराच काळ गेला. तोवर किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करत. मागच्या भिंतीला कधीतरी घरच्याच कुणी चांगल्या हेतूने सिमेंटचा गिलावा केला होता. जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि सोडतो. गिलाव्याने बाहेरची वाट अडवली, ओल आत अडकली, आणि गिलावा पाडला तेव्हा मागचा चिरा हाताने खरवडून निघत होता. आम्ही खराब चिरे काढून दुसरे बसवले आणि दरजा चुन्याने भरल्या. चुना मुरवायला वेळ जातो. गवंडी रोज विचारायचा, सिमेंटचं पोतं आणू का? ह्यांनी ओळंबा हातात धरून त्याच्याशेजारी बसून काम केलं, मी चुना राखला. नवरा-बायकोने मिळून जेवढं घर उभं करता येतं तेवढं आम्ही केलं. आढ्यावर चढायचं काम मात्र तरुण हातांचं आहे आणि त्याची मजुरी आम्ही रोखीने दिली.

छपराचा वाद आमच्यात सर्वांत जास्त चालला. वादळानंतर गावात पत्रे आले. ते लवकर बसतात, स्वस्त पडतात, दरवर्षी वर चढावं लागत नाही, हे सगळं खरं आहे. ज्याच्या डोक्यावर पाऊस आहे त्याने पत्रा घालावा; त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण ह्यांचा हट्ट पत्र्याचा का, तर आपल्या पाठीमागे मुलांना त्रास नको. मी म्हणाले, मुलांना वर्षातून एकदा इथे यावं लागेल असं एक तरी काम घरात राहू द्या. शेवटी कौलंच घातली. नवी मनासारखी मिळेनात. म्हणून आळीत जी घरं पाडून स्लॅब टाकत होते त्यांच्याकडून जुनी घेतली. एका घरची दुसऱ्या घरच्या साच्यात बसत नाहीत, कारखाना बदलला की खाच बदलते, म्हणून प्रत्येक पाखं एकाच ठशाचं लावलं. समुद्राकडे मिशनची राहिली.

आता दर वैशाखात आम्ही जातो. कोने तपासतो, फुटकी कौलं बदलतो, वळचणीला वाळवी आहे का बघतो. सुताराचा मुलगा वर असतो, हे शिडीवर, मी खालून कौल देते. घर कोरडं आहे.

कोकणात ज्यांचं घर बंद आहे त्यांना माझी विनंती आहे. या वैशाखात निदान एकदा कुणाला तरी वर चढवा. तुम्हाला जमत नसेल तर गावातल्या माणसाला योग्य मजुरी देऊन हे काम लावून द्या. आणि घर पाडायचंच ठरलं असेल, तर कौलं वरून फेकू नका. हातोहात उतरवा, पाठीवरचा ठसा पाहून वेगवेगळी रचा, आणि गावात निरोप ठेवा. ती शोधणारं कुणीतरी जवळपासच असतं.