शाळकरी मुलांच्या मनाचा इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत मंदिराच्या पायाभरणीचा, घंटेचा व आजवरच्या धर्मगुरूंचा वृत्तांत यावा, ही रीत योग्यच आहे. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या तीन गांवांत जीं मुलें लहानाचीं मोठीं झालीं, त्यांच्या मनावर काय गुदरलें व त्यांस आधार कोणी दिला, ह्याचाहि एक इतिहास आहे. तो सुज्ञ वाचकांपुढें थोडक्यांत ठेवितों.

त्याचा आरंभ बराकींत होतो. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें कल्याणनजीक लष्करी छावणी वसविली; तींत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. १९४७ सालीं फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या लाखाच्या जवळपास निर्वासितांस ह्याच रिकाम्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं छावणीचें उल्हासनगर झालें. नांवांत उल्हास आला. पण घरदार व सवंगडी मागें टाकून आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या अंतःकरणांत तो कितपत उरला होता, हें कोणी विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. विचारणार तरी कोण? थोरांचीं मनेंहि तितकींच पोळलेलीं होतीं. आधीं डोक्यावर छप्पर, मग हाताला काम, मग मुलांस शाळा, असा क्रम लागला. शाळा निघाल्या, मुलें शिकलीं, व्यापारउदीम वाढला. ही कर्तबगारी थोरच होय. मात्र "रडूं नकोस, अभ्यास कर" हें वाक्यहि त्या पिढीनें पुढील पिढीस वारसा म्हणून दिलें, असें मला वाटतें.

आपल्या जिल्ह्यांत, ठाणें येथें, मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. परंतु लोकांनीं त्याचें एक भयच करून ठेविलें. "ह्याला ठाण्यास पाठवा" ही थट्टा कोणीं ऐकली नाहीं? ह्या एका वाक्यामुळें किती मुलांनीं आपला साधा मनस्ताप ओठांआड दडपला असेल! त्याच ठाण्यांत १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापिली, आणि पुढें 'वेध' ह्या उपक्रमानें शाळकरी मुलांस जीवनाची वाट निवडण्याविषयीं मोकळेपणानें बोलण्यास व्यासपीठ दिलें. मनाचा विचार इस्पितळाच्या भिंतीबाहेर आला, ही गोष्ट लहान नव्हे.

मध्यंतरीं ह्या भागांत दुसरें स्थलांतर झालें. तें फाळणीसारखें रक्तबंबाळ नव्हतें, म्हणून डोळ्यांत भरलें नाहीं. बदलापूरची वस्ती २००१ सालीं सुमारें ९८ हजार होती. २०११ सालीं ती १ लाख ७४ हजारांवर गेली. मुंबईंत जागा परवडेना, म्हणून कुटुंबें येथें आलीं. नोकऱ्या मात्र मुंबईंतच राहिल्या. तेथून मुंबईचें टोक सुमारें ६८ किलोमीटर. आईबाप पहांटेच्या लोकलनें जातात व दिवेलागणीनंतर परततात. मूल किल्लीनें दार उघडून एकटेंच जेवतें. संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांना तुरीन शहरांत अशींच खेड्यांतून आलेलीं, कोणी वाली नसलेलीं मुलें भेटलीं होतीं. १८७७ सालीं त्यांनीं लिहून ठेविलें, त्याचें तात्पर्य असें कीं, अपराध घडल्यावर दंड करण्यापेक्षां आधींच मुलांत मिसळून त्यांचें प्रेम संपादावें.

कायदा ह्या गोष्टीकडे उशीरां वळला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळहि निषिद्ध ठरविला. पण तो चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांपुरता. नववी-दहावीचें वय, जेथें ताण खरा, तें बहुतांशी बाहेरच राहिलें. २०१५ सालीं आपल्या राज्यांत दहावींत अनुत्तीर्ण झालेल्यांची फेरपरीक्षा त्याच जुलैंत घेण्यांत आली. वर्ष वायां जाण्याचें ओझें त्यामुळें हलकें झालें. २०२२ सालीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें सहावी ते बारावीच्या सुमारें ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांस विचारलें, तेव्हां शेंकडा ८१ जणांनीं अभ्यास, परीक्षा व निकाल हेंच चिंतेचें कारण सांगितलें.

२० ऑगस्ट २०२४ रोजीं दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचारामुळें बदलापूर स्थानकांत लोक रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशीं शाळांत कॅमेरे लावण्याचा शासकीय आदेश निघाला. तो आवश्यकच होता. परंतु कॅमेऱ्यास अंगण दिसतें, मन दिसत नाहीं. २५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जे निर्देश दिले, ते मला अधिक मोलाचे वाटतात. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेंत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, शिक्षकांस वर्षांतून दोनदां ह्या विषयाचें शिक्षण मिळावें, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडूं नयेत, चारचौघांत त्यांस लाजवूं नये, आणि टेली-मानस ह्या २०२२ पासून चालू असलेल्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा, असें त्यांत आहे.

आतां समुपदेशक येतील, त्यांस खोली द्यावी लागेल. ती मुख्याध्यापकांच्या दालनालगत नसावी, असें माझें आग्रहाचें मत आहे. तेथें शिरणारें मूल साऱ्या शाळेस दिसतें. आणि दिसलें कीं कोणी तरी 'ठाण्या'चें नांव काढितोच. ग्रंथालयाच्या बाजूची एखादी खोली चालेल. पुस्तक आणावयास गेलों होतों, असें मुलास सांगतां येतें.