लाल त्रिकोण

आमच्या गटाच्या पापडाच्या पुडीला रंग कोणता द्यायचा, यावर दोन बैठका गेल्या. शेवटी एक थोरल्या मावशी म्हणाल्या, "अगं, तो लाल त्रिकोण आठवा. आम्हाला अक्षर येत नव्हतं, पण दवाखाना कळायचा."

मग आम्ही त्या त्रिकोणाचीच माहिती काढली.

सरकारने कुटुंबनियोजनाचं काम 1952 साली सुरू केलं. पण ते पोचायचं कसं? निम्म्याहून जास्त लोकांना वाचता येत नव्हतं, भाषाही किती. 1960 नंतरच्या वर्षांत दीप त्यागी नावाच्या अधिकाऱ्यांनी ही खूण पुढे आणली: टोक खाली असलेला लाल त्रिकोण. जोडीला आईबाप आणि दोन मुलं, असे चार हसरे चेहरे. भिंती, दवाखाने, बस, जिथे जागा तिथे तो रंगला.

1968 साली निरोध आलं. पंधरा पैशांना तीन. सरकारकडे दुकानं कुठली? म्हणून चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सोबत घेतलं. त्यांचा माल जिथे जायचा, त्या किराणा दुकानात आणि पानाच्या टपरीवर निरोधही गेलं. ही युक्ती आम्हाला फार आवडली. आपणही पापडासाठी वेगळं दुकान शोधत बसतो!

पुढे आणीबाणी आली आणि खुणेचीच भीती बसली. 1976-77 या एका वर्षात सुमारे 83 लाख नसबंद्या झाल्या. त्यांतले चारात तीन पुरुष होते, कित्येकांना धरून आणलेलं. आपल्या विधानसभेनेही 1976 मध्ये सक्तीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. 1977 मध्ये सरकार पडलं. नव्या सरकारने नाव बदललं, 'नियोजन' जाऊन 'कल्याण' आलं. त्रिकोण तोच राहिला.

नाव बदलल्यावर राग ओसरला असेल, पण पुरुष काही परत आले नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभर विवाहित स्त्रियांमागे जवळपास 38 जणींचं ऑपरेशन झालेलं, आणि नवऱ्याचं झालेलं शंभरात एकही भरत नाही. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन सोपं. पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी. चित्रात मात्र आईबाप दोघंही हसत उभे.

येत्या बैठकीला आशाताईंना बोलावलंय. या वेळी नवऱ्यांनाही घेऊन या, असा निरोप घरोघर दिलाय.