देवळालीकर मास्तर आणि मोकळी हवा

आम्हां इंदूरकर मराठी मंडळींना देवळालीकर मास्तरांचा अभिमान आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली येथे चित्रकलेची शाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन हे तिथलेच विद्यार्थी. उघड्यावर बसून निसर्गचित्र करणे हा त्या शिक्षणाचा भाग होता. त्याने नजर तयार होई, आणि टर्पेंटाइनची वाफही वाऱ्यावर निघून जाई.

रंगांचे दुखणे जुनेच. १७०० साली इटलीतल्या रामाझ्झिनी या डॉक्टराने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. चित्रकारांच्या आजारांचा दोष त्याने शिसे, पारा असल्या रंगद्रव्यांना दिला. तैलरंगातला सफेदा तेव्हा शिशाचाच असे. आज टिटॅनियमचा पांढरा मिळतो. पण कॅडमियमचे पिवळे-तांबडे आणि टर्पेंटाइन आहेतच.

आपल्याच सांवेर रोडवरच्या कारखान्यांत हवा खेळती ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्याच्या भाड्याच्या खोलीला मात्र तो कायदा लागू नाही. तो तिथेच रंगवतो, तिथेच जेवतो आणि निजतो. थंडीत खिडकीही लावून घेतो.

आपल्यापैकी कोणी अशी खोली भाड्याने दिली असेल, तर गच्ची रंगकामाला मोकळी द्यावी. ओले कॅनव्हास रात्री खोलीबाहेर ठेवू द्यावेत. समोरासमोरच्या खिडक्या उघडतात ना, ते पाहावे. हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नकोस, असे घरच्या मुलासारखे सांगावे. मास्तरांचे एवढे ऋण आपल्याला सहज फेडता येईल.