बोर्डोची दोन मिश्रणे

नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागायतदारांना 'बोर्डो' हे नाव चांगलेच परिचित आहे. मोरचूद आणि चुना पाण्यात मिसळून तयार केलेले बोर्डो मिश्रण हा केवडा रोगावरचा जुना उपाय. पण बोर्डो हे मुळात फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील, गारोन नदीकाठचे शहर. जगात ते ओळखले जाते दुसऱ्याच एका मिश्रणासाठी, काळ्या द्राक्षांच्या अनेक वाणांपासून केलेल्या तांबड्या वाइनसाठी. या दोन मिश्रणांचे इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत.

एकाच वाणाची वाइन का करू नये? उत्तर जमिनीत आणि हवेत आहे. गारोन व दॉर्दोन्य या नद्या मिळून जिरोंदची खाडी बनते. तिच्या डाव्या तीरावरील मेदोक भागात जमीन दगडगोट्यांची. ती लवकर तापते, पाण्याचा निचराही करते. तेथे उशिरा पिकणारे काबेर्ने सोव्हिन्यों साधते. उजव्या तीराकडे चिकणमाती जास्त. तेथे लवकर पिकणारे मेर्लो चांगले येते. वसंतातल्या हिवाचा फटका लवकर फुटणाऱ्या मेर्लोला बसतो, तर शरदातला पाऊस काबेर्नेला गाठतो. दोन्ही लावले तर एक तरी हाती लागते. आपला कोरडवाहू शेतकरी बाजरीत तूर घेतो, त्यामागचाही विचार हाच.

चवीचेही गणित जमते. काबेर्नेच्या जाड सालीतून गडद रंग आणि तुरट टॅनिन मिळते. मेर्लो मऊपणा व आलुबुखारासारखा स्वाद देते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, म्हणून कच्चे केळे खाल्ल्यासारखे तोंड कोरडे पडते. मांसातील प्रथिने व चरबी हा तुरटपणा बोथट करतात. मेदोकमध्ये ही वाइन भाजलेल्या कोकराच्या मांसाबरोबर घेतात, ती उगाच नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बागांवर संकट कोसळले. अमेरिकेतून आलेला फायलोक्झेरा हा सूक्ष्म कीटक वेलींच्या मुळांवर जगत होता. १८६८ मध्ये प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला. या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटांवर फ्रेंच वाणांची कलमे बांधणे, हा उपाय ठरला. परंतु अमेरिकन वेलींबरोबर केवडा रोगही युरोपात शिरला. १८८२ मध्ये बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्या दिसल्या. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मालकाने त्यांवर मोरचूद व चुना शिंपडला होता! प्रयोगांती मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण प्रसिद्ध केले.

नव्याने लागवड करताना मात्र निवड झाली. गार, ओल्या हवेत ज्याची फुले गळत, तो कार्मेनेर हा वाण मागे पडला आणि बोर्डोतून जवळजवळ नाहीसा झाला. फायलोक्झेरा पोहोचण्यापूर्वीच त्याच्या काड्या चिलीत गेल्या होत्या. तेथे तो मेर्लोमध्ये मिसळून, मेर्लो म्हणूनच वाढत राहिला. अपुरा पिकल्यास त्याला पायराझिन गटातील संयुगांमुळे ढोबळ्या मिरचीचा वास येई. १९९४ मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ बूर्सिको यांनी चिलीतील वेली पाहून त्याची खरी ओळख पटवली.

१९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे कॅरोल मेरेडिथ व जॉन बाउअर्स यांनी डीएनएच्या आधारे दाखवले, की काबेर्ने सोव्हिन्यों हे काबेर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून आलेले अपत्य आहे. मेर्लो आणि कार्मेनेर हीही काबेर्ने फ्रांचीच अपत्ये. म्हणजे बोर्डोच्या प्याल्यात एक कुटुंबच एकत्र येते.

यात एक धोका दडलेला आहे. वाण काडीने वा कलमाने वाढवतात, त्यामुळे शतकानुशतके त्याची जनुके जवळपास तीच राहतात. कीड, रोग आणि हवामान मात्र बदलत राहतात. तापमानवाढीमुळे मेर्लो अधिकच लवकर पिकू लागले आहे. म्हणून २०२१ मध्ये बोर्डोच्या तांबड्या वाइनसाठी चार नव्या वाणांना मर्यादित प्रमाणात परवानगी मिळाली. मिश्रणाची कृती पुन्हा बदलते आहे. वैविध्य टिकवणे ही चैन नसून शेतीचा विमा आहे, हा धडा वर्गात शिकवायला बोर्डोइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.