गणेशखिंडीतला राजवाडा

पुण्याहून खिंडीतल्या गणपतीवरून पुढे गेले, की झाडांच्या दाटीतून एक मनोरा डोके काढताना दिसतो. विद्यापीठाचे विद्यार्थी ज्या वास्तूला नुसते ‘मुख्य इमारत’ म्हणतात, तिची ही दुरून पटणारी खूण. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास मुक्कामाला येई. दापोडीचे जुने निवासस्थान त्याच्या इतमामास साजेसे वाटेनासे झाले, तेव्हा सर बार्टल फ्रिअर याने १८६४ साली येथे नव्या वास्तूचे काम सुरू करविले. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो हा काळ. पुढल्याच वर्षी तो भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या, तरी येथील छिन्नी-हातोडा थांबला नाही. १८७१ पर्यंत खर्च पावणेदोन लाख पौंडांच्या घरात गेला आणि त्या उधळपट्टीबद्दल विलायतेत फ्रिअरवर ठपकाही आला.

जेम्स ट्रबशॉ याने आराखडा काढला तो इटालियन वळणाचा. दगड मात्र आपल्या सह्याद्रीचा, काळा आणि चिवट. आषाढात पाऊस तिरपा लागला म्हणजे हा दगड भिजून निळसर काळा होतो, आणि कमानींच्या सावलीतला कोरडा भाग राखाडी राहतो. एकाच भिंतीच्या त्या दोन रंगांपुढे मी कितीदा तरी थबकलो आहे. परदेशी घडणीला आपल्या पाथरवटांच्या हातांनी जे गांभीर्य दिले, ते मला त्या घडणीहूनही मोलाचे वाटते. याच वास्तूखाली एक भुयार आहे. मुदपाकखान्यातून नोकरांनी पाहुण्यांच्या दृष्टीस न पडता ये-जा करावी, यासाठी ते खोदले असे सांगतात. प्रशस्त नृत्यशाला वर आणि राबणारी माणसे जमिनीखाली, अशी ती तजवीज.

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव येथे थाटाने साजरा झाला. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांची घरे धुंडाळणारा रँड तो समारंभ आटोपून परतत असता दामोदर चापेकरांनी त्याच्यावर, आणि त्यांचे बंधू बाळकृष्ण यांनी लष्करी अधिकारी आयर्स्टवर, गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली.

स्वराज्य आल्यावर मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेरांच्या सरकारने ही वास्तू भोवतालच्या चारशेहून अधिक एकरांसह नव्या पुणे विद्यापीठास दिली, डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. या राजवाड्याच्या पायाभरणीच्या सोळा वर्षे आधी, १८४८ साली, भिडेवाड्यात मुलींना शिकवू लागलेल्या सावित्रीबाई फुल्यांचे नाव २०१४ पासून या विद्यापीठास लाभले आहे, आणि गव्हर्नराच्या कमानींखालून आज त्यांच्या लेकी पुस्तके सांभाळीत जातात.