रूण-पत्त्यांची कुळकथा

भविष्य सांगणाऱ्या रूण-पत्त्यांच्या खोक्यावर 'हजारो वर्षांची परंपरा' अशा थाटाचा मजकूर बहुधा असतोच. आत चोवीस पत्ते निघतात, कधी पंचवीस. प्रत्येकावर सरळ रेघांची एक कोनदार खूण आणि तिच्याभोवती उत्तर युरोपच्या लोकचित्रांतली फुलंपानं, घोडा, सूर्य, गारा. प्रश्न मनात धरायचा, पत्ता ओढायचा आणि पुस्तिकेत अर्थ बघायचा. या एका वस्तूत लिपी, कौल आणि चित्र अशी तीन घराणी नांदतात. तिन्ही जुनी आहेत; त्यांची सोयरीक मात्र अगदी अलीकडची.

आधी लिपी: रूण ही उत्तर युरोपातली जुनी अक्षरं. डेन्मार्कमधल्या विमोसे इथल्या दलदलीत शिंगाची एक फणी सापडली. तिच्यावर रूण अक्षरांत 'हर्या' एवढंच कोरलेलं आहे, काळ इ.स. 160च्या आसपासचा. रूण अक्षरं लाकडावर कोरली जात, आणि आडवी रेघ लाकडाच्या रेषांत हरवते, म्हणून त्यांत उभ्या नि तिरक्या रेघाच दिसतात. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या क्युल्व्हर शिळेवर, सुमारे 400 साली, चोवीस अक्षरांची माळ ओळीने कोरलेली आहे. पुढे अक्षरं सोळांवर आली, पण वापर चालूच राहिला. नॉर्वेतल्या बेर्गन बंदरात 1955च्या आगीनंतर उत्खनन झालं, तेव्हा साडेसहाशेहून अधिक रूण-लेख मिळाले. त्यांत प्रार्थना आणि मंत्र आहेत, तशा मालावर बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत, व्यापाऱ्यांची पत्रं आहेत आणि बहुधा नवऱ्याला घरी बोलावणारा निरोपही आहे. ही रोजच्या कामाची लिपी होती.

कौलाचा पुरावा रोमन इतिहासकार टॅसिटस देतो. इ.स. 98च्या 'जर्मानिया'त तो जर्मन टोळ्यांची रीत सांगतो: फळझाडाची फांदी तोडायची, तिच्या तुकड्यांवर खुणा करायच्या, ते पांढऱ्या कापडावर उधळायचे. मग पुरोहिताने किंवा कुटुंबप्रमुखाने आकाशाकडे बघत तीन तुकडे उचलायचे आणि अर्थ लावायचा. रूणभक्तांचा सगळा भार या उताऱ्यावर आहे. पण टॅसिटस फक्त 'खुणा' म्हणतो. त्या अक्षरं होत्या असं तो कुठेच सांगत नाही.

मग अक्षरांना अर्थ कुठून चिकटले? प्रत्येक रूणाला नाव होतं: गुरंढोरं, गारा, बर्फ, सूर्य, घोडा. इंग्लंड, नॉर्वे आणि आइसलंडमधल्या मध्ययुगीन कवितांमध्ये एकेका नावावर एकेक कडवं आहे. इंग्लिश कवितेचं हस्तलिखित 1731च्या आगीत जळालं. जॉर्ज हिक्सने 1705 साली ती छापली होती म्हणून आज हाती आहे. पत्त्यांसोबतच्या पुस्तिका प्रामुख्याने याच कवितांवर पोसल्या आहेत. या कविता भविष्य सांगत नाहीत. नावं लक्षात ठेवायची ती एक तऱ्हा असावी.

चित्राचं घराणं मात्र खरोखर खेड्यातलं. स्वीडनमधले शेतकरी लाकडी पट्टीवरचं पंचांग वापरत. आठवड्याच्या सात वारांसाठी सात रूण पुन्हापुन्हा कोरलेले आणि सणांच्या जागी छोटी चित्रं. नॉर्वेच्या पट्टीवर 14 ऑक्टोबरला, हिवाळा लागतो त्या दिवशी, हातमोजा असे. 14 एप्रिलला झाड आणि 29 जुलैला संत ओलाफची कुऱ्हाड. रूण आणि चित्र शेजारी बसलेली लोककलेतली खरी जागा ही. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात तर एल्व्हदालेन भागात रूण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत लिहिले जात होते, आणि त्याच प्रांतातले चित्रकार भिंतींवर नि कपाटांवर बायबलचे प्रसंग रंगवत. त्यांची प्रसिद्ध वेलबुट्टी, 'कुर्बित्स', म्हणजे योनाच्या कथेतला भोपळ्याचा वेल. आजच्या पत्त्यांवरची फुगीर, लालनिळी फुलं याच वळणाची.

पत्त्यांवरून भविष्य पाहण्याची प्रथा वेगळ्याच वाटेने आली. 1781 साली पॅरिसच्या कूर द जेब्लँने टॅरोचे खेळायचे पत्ते प्राचीन इजिप्तचं गुपित असल्याचं जाहीर केलं. आधार काहीच नव्हता. टॅरोच्या 1909च्या संचात पामेला कोलमन स्मिथने अंकांच्या पत्त्यांवरही प्रसंगचित्रं काढली, आणि अर्थ पाठ नसलेल्यालाही पत्ता वाचता येऊ लागला. सचित्र रूण-पत्त्यांची घडण हीच आहे.

रूणांच्या नव्या गूढविद्येला एक काळी बाजूही आहे. ऑस्ट्रियाच्या गिडो फॉन लिस्टने 1902मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या अंधत्वात अठरा रूण 'दिसल्याचा' दावा केला आणि 1908 साली त्यावर पुस्तक काढलं. लिस्टच्या वंशवादी परंपरेतूनच रूण नाझींच्या एसएसच्या गणवेशावर पोहोचले.

बाजारात रूण-भविष्य घरोघरी नेलं ते अमेरिकेच्या राल्फ ब्लमने. 1982 साली त्याने पुस्तकासोबत रूणांच्या मातीच्या टिकल्या विकल्या. त्याच्या मांडणीवर चिनी भविष्यग्रंथ 'यी चिंग'ची छाप होती, आणि चोवीस अक्षरांत त्याने एक कोरी टिकली घातली. मागाहून आलेल्या अनेक पत्त्यांनी ती तशीच उचलली.

तेव्हा हे पत्ते घ्यायचे तर चित्रकाराच्या हातासाठी घ्यावेत. लोकचित्रांचा वारसा त्यांत अस्सल असू शकतो. भविष्याची रीत मात्र प्राचीन म्हणून विकली जात असेल, तर खोक्यात पंचविसावा कोरा पत्ता आहे का ते बघावं. असला, तर त्याचं जन्मसाल 1982.