हाकेला ओ देणारा सर्व्हर

समजा कवठे येमाईच्या एखाद्या शाळेत दहा संगणकांवर नवी कार्यप्रणाली चढवायची आहे आणि सीडी ड्राइव्ह एकातही नाही. मग?

युक्ती जुनी आहे. १९८० च्या दशकात हार्डडिस्क महाग, म्हणून डिस्कविना संगणक निघाले. सुरू होताच यंत्र नेटवर्कवर हाक देई, ‘माझा पत्ता काय?’ १९८५ च्या ‘बूटपी’ नियमांनुसार सर्व्हर पत्ता आणि फाइलचं नाव कळवी. आपल्या पुण्यात सी-डॅकनं १९९१ साली घडवलेल्या ‘परम ८०००’ मधले ट्रान्सप्युटरही पहिला प्रोग्राम शेजाऱ्याकडून तारेतून घेऊ शकत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या ‘पीएक्सई’नं ही सोय साध्या पीसीपर्यंत आणली.

फाइल उतरते ‘टीएफटीपी’नं, आणि तो पासवर्ड विचारत नाही! भलत्याच सर्व्हरनं आधी ओ दिली, तर साधं यंत्र त्याचंही निमूटपणे ऐकतं.